गीझरची कॉइल कोणाची, सिंकचा पाइप कोणाचा?

पत्र असं आहे:

"ताई, आम्ही मे महिन्यापासून वाकडला भाड्याने राहतोय. २ बीएचके, भाडं २४ हजार, डिपॉझिट १ लाख, ११ महिन्यांचं रजिस्टर्ड ॲग्रीमेंट. बिल्डिंग बारा-तेरा वर्षांची आहे. आल्यापासून काही ना काही चालूच आहे. जूनमध्ये गीझर बंद पडला, कॉइल आणि थर्मोस्टॅटचे १,८५० गेले. मग फ्लश टँकमधून चोवीस तास पाणी वाहायला लागलं, त्याचा आतला सेट ७५०. किचनचं सिंक तुंबलं, ६००. बेसिनचा मिक्सर नळ गळत होता, कार्ट्रिज बदललं, ९००. एकूण ४,१००. दरवेळी मालक काकांना फोन केला की म्हणतात करून घ्या, पण पैशाचा विषय काढला की म्हणतात ॲग्रीमेंट वाचा, मायनर रिपेअर्स तुमच्याकडे आहेत. आता बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला ओल आलीये, पोपडे निघतायत. प्लंबरने ग्राउटिंग आणि वॉटरप्रूफिंगचे १८ हजार सांगितलेत आणि काका म्हणतात ओल तुमच्या वापराने आली, निम्मे तुम्ही द्या. माझी मुलगी अडीच वर्षांची आहे, त्याच खोलीत झोपते. नवरा म्हणतो सप्टेंबरच्या भाड्यातून ४,१०० कापून १९,९०० च ट्रान्सफर करू, त्याला नवीन भाडे कायद्याचा एक फॉरवर्डही आलाय की असं कापता येतं. मला भीती वाटते की काका घर खाली करा म्हणतील, मुलीला नुकतंच इथल्या प्लेग्रुपला घातलंय. काय करू?"

– वाकडची एक वाचक

ताई, आधी दोन गोष्टी, बाकीचं पत्र नंतर निवांत वाचा. मुलीचं अंथरूण आज रात्रीच दुसऱ्या खोलीत टाका, पोपडे निघालेत म्हणजे ओल आतपर्यंत मुरलीये आणि तिथे बुरशी धरायला वेळ लागत नाही, भिंतीचा निकाल लागेपर्यंत तिने तिथे झोपू नये. आणि त्याच भिंतीवर स्विचबोर्ड असेल तर त्यातलं काही वापरू नका, ओल बोर्डापर्यंत आली असेल तर त्या लाइनचा एमसीबी (मेन बोर्डावरचा स्विच) खाली पाडून ठेवा आणि काकांना तेवढ्यासाठी लगेच फोन करा, ते उद्यावर ढकलायचं काम नाही.

दुसरं, १९,९०० पाठवू नका. तारखेला पूर्ण २४ हजार जाऊ देत. मिस्टरांचा राग मला समजतो, आपलं बरोबर असताना पदरमोड करत राहायचं म्हणजे कोणालाही राग येईल, पण न सांगता भाडं कापलं की त्या दिवसापासून विषय गीझरचा राहत नाही, भाडं थकवलं हा होतो. काकांच्या हातात आज तुमच्याविरुद्ध काहीच नाहीये आणि तुम्ही स्वतःहून ते त्यांच्या हातात देताय. वड्याचं तेल वांग्यावर काढू नका. पैसे मागायचेच आहेत, पण वेगळे मागायचेत आणि लेखी मागायचेत, कसे ते पुढे लिहिलंय.

आता तो मायनर रिपेअर्स शब्द. मी पुण्यात दहा वर्षं भाड्याने राहिले, पाच घरं बदलली, आणि आता नाशिकला माझं स्वतःचं छोटं घर भाड्याने दिलेलं आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी हा शब्द मी ऐकलाय आणि एका बाजूने वापरलाही आहे. या शब्दाची अडचण अशी की तो फक्त आकडा बघतो. हजार-दोन हजारांचं काम दिसलं की मालक म्हणतो मायनर, तुमचं. आणि भाडेकरूला वाटतं की घर त्यांचं म्हणजे सगळंच त्यांचं. दोघंही बिलाकडे बघतात, वस्तू का बिघडली हे कोणीच बघत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कितीचं काम आहे हे दुसरं, आधी विचारायचं की हे का बिघडलं. आपल्या रोजच्या वापराने, आपल्या निष्काळजीपणाने बिघडलं तर ते आपलं, भले मग ते पाच हजारांचं का असेना. वस्तू जुनी झाली, पाण्याने खाल्ली, भिंतीच्या किंवा टाइलच्या मागे काही झालं तर ते मालकाचं, भले मग ते तीनशेचं का असेना. तीनशेसाठी कोणी भांडू नये हा भाग वेगळा, पण कोणाचं आहे ते दोघांनाही माहीत असावं.

आणि हे मी मनाचं सांगत नाहीये, तुमचं ॲग्रीमेंट काढा. महाराष्ट्रात ऑनलाइन रजिस्टर होणाऱ्या लिव्ह अँड लायसन्सच्या मसुद्यात देखभालीचा एक परिच्छेद असतो, त्याचा अर्थ साधारण असा की घर जसं मिळालं तसं ठेवायचं, आपल्यामुळे नुकसान झालं तर आपल्या खर्चाने दुरुस्त करायचं, आणि वाक्याच्या शेवटी येतं 'सब्जेक्ट टू नॉर्मल वेअर अँड टेअर'. म्हणजे वापरता वापरता जी झीज होते ती सोडून. हे शेवटचे पाच-सहा शब्द कोणी वाचत नाही, एजंट तर वाचूनच दाखवत नाही. तुमच्या करारात मायनर रिपेअर्सचं वेगळं वाक्य घातलेलं असेल तर ते शब्द न शब्द वाचा, त्यात आकडा आहे का, उदाहरणं आहेत का, की नुसतंच मायनर लिहिलंय. नुसतंच लिहिलं असेल तर मायनर म्हणजे काय हे एकटे काका ठरवू शकत नाहीत, आणि खरं सांगायचं तर एकट्या तुम्हीही नाही.

याच मापाने तुमची चार बिलं बघू.

गीझर. तुम्ही मेमध्ये राहायला आलात आणि जूनमध्ये कॉइल गेली. महिनाभरात कोणाच्या आंघोळीने कॉइल जळत नाही हो. वाकड, हिंजवडी, पिंपळे सौदागर या पट्ट्यात कितीतरी सोसायट्या बोअर आणि टँकरच्या पाण्यावर आहेत, ते पाणी जड असतं, त्याचा क्षार कॉइलवर पांढऱ्या खडूसारखा थरावर थर बसत जातो, कॉइल आतल्या आत तापते आणि एक दिवस जाते. ही वर्षानुवर्षांची झीज आहे, तुमच्या आधीच्या भाडेकरूंच्या, त्यांच्याही आधीच्या. प्लंबरने जुनी कॉइल टाकून दिली नसेल तर तिचा फोटो काढून ठेवा, क्षाराचा थर दिसला की वेगळं काही सिद्ध करायला लागत नाही. अजून एक, गीझर कधीचा आहे विचारा. बऱ्याच कंपन्या कॉइलला दोनेक वर्षं आणि टाकीला पाच-सात वर्षं वॉरंटी देतात, आणि वॉरंटी कार्ड असतं मालकाच्या कपाटात. मागितलं तर कधीकधी दुरुस्ती फुकटात होते आणि भांडणच उरत नाही. या गीझरची वॉरंटी उरली नसेल तरी पुढच्या वेळी आधी कार्ड, मग मेकॅनिक. १,८५० काकांचे.

फ्लश टँक. आतला सेट म्हणजे रबर आणि प्लास्टिक, त्याच पाण्याने कडक झालेलं. तेही जुनंच. ७५० काकांचे.

सिंक. ताई, हे तुमचं. सिंक तुंबतं ते खरकटं, तेल, चहाची पावडर, भाताची शितं याने, जाळी न लावता भांडी घासल्याने. तुम्ही घाई केली असेल, बाई घासत असेल, काही असेल, पण सिंक आपण वापरतो. राहायला आल्या आल्या पहिल्या आठवड्यात तुंबलं असतं तर मी म्हटलं असतं आधीच्यांची घाण आहे, पण तुमच्या पत्रात क्रम बघितला तर ते गीझर आणि फ्लशच्याही नंतर आलंय. ६०० आपले म्हणा आणि काकांना स्वतःहून तसं सांगा. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतेय, कारण चारपैकी एक जरी आपण बिनशर्त उचललं की समोरच्याला कळतं की ही बाई यादी घेऊन भांडायला आलेली नाही.

बेसिनचा नळ. इथे माझंही मन दोन्हीकडे जातं. वायसर बदलणं, नळ गळणं हे रिवाजाने भाडेकरूचं धरतात, पण कार्ट्रिज हे क्षारानेच जातं आणि तीन महिन्यांत तुम्ही ते झिजवलेलं नाही. निम्मं-निम्मं करा. ४५० तुमचे, ४५० त्यांचे.

म्हणजे हिशोब झाला काकांकडून ३,०५० आणि तुमच्याकडून १,०५०. चार हजार शंभरच्या चार हजार शंभरला हटून बसण्यापेक्षा हा आकडा काकांना मान्य व्हायची शक्यता खूप जास्त आहे, आणि तो न्यायाचाही आहे.

आता मिस्टरांना आलेला तो फॉरवर्ड. असे मेसेज अर्धेच असतात म्हणून जरा लांबण लावते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ ला आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, तो हा. तो नमुना आहे. राज्याने त्यावरून आपला कायदा केला तर त्या राज्यात चालतो, आणि आपल्याकडे महाराष्ट्रात १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. बरं, तो नमुना जरी उद्या जसाच्या तसा लागू झाला तरी तुमच्या फायद्याचा किती ते बघा. त्याच्या शेवटी एक यादी जोडलेली आहे, कोणतं काम मालकाचं आणि कोणतं भाडेकरूचं याची. मालकाकडे इमारतीची मोठी दुरुस्ती, भिंतींना रंग-सफेदी, दारं-खिडक्यांना रंग, पाइप बदलणं, वायरिंग. आणि भाडेकरूकडे नळ आणि नळाचे वायसर, तुंबलेले ड्रेन, संडासाचं भांडं, बेसिन, गीझरची दुरुस्ती, स्विच आणि सॉकेट, किचनमधल्या फिटिंग, कडीकुलपं, खिडक्यांच्या काचा, डासांच्या जाळ्या. वाचलंत ना, गीझर भाडेकरूच्या यादीत आहे. म्हणजे मिस्टर ज्या कागदावर भाडं कापायला निघालेत तोच कागद काकांनी पूर्ण वाचला तर तुमची चारही बिलं ते तुमच्याकडे परत पाठवतील. मला स्वतःला गीझर असा सरसकट भाडेकरूच्या गळ्यात घालणं पटत नाही, दहा वर्षांचा गीझर देऊन वर त्याची दुरुस्तीही तुम्हीच करा हे कुठल्या न्यायाने, पण यादीत तसं आहे हे माहीत असलेलं बरं. भाड्यातून कापायची सोय त्यात आहे हे खरंय, पण ती मालकाच्या यादीतल्या कामांसाठी, त्याने नकार दिल्यावर, आणि एका महिन्यात भाड्याच्या निम्म्याहून जास्त नाही अशी. आणि उलट बाजूने, भाडेकरूने आपल्याकडचं काम केलं नाही तर मालकाला ते डिपॉझिटमधून वळतं करता येतं, हेही त्यातच आहे.

आपल्या १९९९ च्या कायद्यात कलम १४ आहे. मालकाने घर राहण्याजोगं, नीट दुरुस्तीत ठेवलं पाहिजे, नाही ठेवलं तर भाडेकरूने कमीत कमी पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, तरीही वाजवी वेळात केलं नाही तर स्वतः करून भाड्यातून वळतं करायचं किंवा वसूल करायचं, आणि वर्षात जास्तीत जास्त वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंत. वाचायला छान वाटतं. पण दोन गोष्टी. एक, करारात भाडेकरूने वेगळं काही कबूल केलेलं नसेल तर असं ते कलम सुरुवातीलाच म्हणतं. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं, ते कलम 'भाडेकरू' म्हणतं आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारे आपण कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, लायसेन्सी असतो, बोलताना सगळे भाडेकरू म्हणतात ते सोडा. ते कलम पागडीच्या, जुन्या चाळीतल्या माणसाला जसं उपयोगी पडतं तसं ते आपल्याला पडेलच असं धरून चालू नये. आपला खरा आधार म्हणजे तो करार. म्हणून तर म्हणते तो वाचा. आणि एक चांगली गोष्ट, तुमचा करार रजिस्टर झालेला आहे. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकावर आहे, ती काकांनी पाळलीये, म्हणजे माणूस नियमाने वागणारा दिसतोय. मला तुमच्या पत्रातून ते लबाड वाटले नाहीत, एजंटने सांगितलेलं एक वाक्य धरून बसलेत असं वाटलं.

दोन्ही कायद्यांत, म्हणजे नमुन्यातही आणि आपल्यातही, क्रम एकच आहे हे मिस्टरांना दाखवा. आधी कळवायचं, वेळ द्यायचा, मग खर्च, मग वसुली. तुमच्याकडे झालंय काय की काका फोनवर म्हणाले करून घ्या आणि तुम्ही घेतलंत, पैशाचं त्या फोनवर ठरलंच नाही. फोनवरचं बोलणं कोणाच्या लक्षात राहत नाही. इथून पुढे फोन केला तरी चालेल पण फोननंतर दोन ओळींचा मेसेज गेलाच पाहिजे.

आता भिंत. १८ हजारांच्या निम्म्याला अजिबात हो म्हणू नका. बाथरूम वापरल्याने ओल आली म्हणजे काय, बाथरूम काय बघायला ठेवायचं असतं? रोजच्या आंघोळीचं पाणी टाइलच्या आत जात असेल तर टाइलमधलं ग्राउटिंग गेलंय किंवा खालचं वॉटरप्रूफिंग संपलंय, किंवा भिंतीतला कन्सील्ड पाइप कुठेतरी झिरपतोय, यातलं काहीही भाडेकरूच्या हातात नसतं. तुम्ही भिंतीला ड्रिल मारून पाइप फोडला असता तर गोष्ट वेगळी. कराराच्या भाषेतही ही झीजच आणि आदर्श कायद्याच्या यादीतही पाइप मालकाकडेच.

पण ओल कुठून येतेय हे आधी शोधा, कारण त्यावर पैसे काकांचे की सोसायटीचे हे ठरतं. साधी युक्ती सांगते. ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. मग तीन-चार दिवस त्या बाथरूमचा मुख्य कॉक बंद करून दुसरं बाथरूम वापरा. डाग वाढायचा थांबला, सुकायला लागला तर पाणी तुमच्याच बाथरूमचं. बाथरूम बंद असूनही वाढत राहिला तर वरच्या फ्लॅटचं असू शकतं, आणि पाऊस पडला की वाढतो, उघडीप मिळाली की थांबतो असं असेल तर बाहेरच्या भिंतीतून किंवा बाहेरच्या पाइपातून येतंय. हाउसिंग सोसायटीच्या उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, फ्लॅटच्या आतली संडास-बाथरूम-सिंकची गळती ज्याच्या त्या सभासदाने. आणि सभासद काका आहेत, तुम्ही नाही. म्हणजे सोसायटीला लेखी अर्ज त्यांनीच करायचा, तुम्ही मॅनेजरच्या मागे कितीही फिरलात तरी तो हात वर करेल. हे काकांना नीट सांगितलं तर कदाचित त्यांचेही १८ हजार वाचतील. आणि एकाच प्लंबरच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका, अजून एकाला दाखवा, शक्यतो काका समोर असताना. त्यांना घर बघायला बोलवा, वेळ ठरवून. भिंत प्रत्यक्ष बघितली की माणूस वेगळं बोलतो.

इथे मला माझ्या नाशिकच्या घराचं सांगायचंय, कारण तुम्ही एक गोष्ट बरोबर केलीत, वेळेवर कळवलंत. माझ्या घरात दोन मुलं राहायची, चांगली होती, नोकरी करणारी. किचनच्या ओट्याखाली अँगल कॉक थेंब थेंब गळत होता. त्यांनी खाली डबा ठेवला, चार महिने रोज डबा ओतत राहिली, आणि कधीतरी डबा भरून वाहिला असेल, ट्रॉलीचं प्लायवूड खालून फुगलं. दीडदोनशेचा कॉक आणि ट्रॉलीला २२ हजार. मी चिडून विचारलं सांगितलं का नाही, तर त्यातला एक म्हणाला, काकू, मागे ट्यूबलाइटचं आणि नळाचं सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात बारीकसारीक तुमचं तुम्ही बघा, म्हणून नाही सांगितलं. त्याचं बरोबर होतं. मी बारीकसारीक म्हणून हात झटकले आणि त्यांनी दुखणं अंगावर काढलं. आम्ही खर्च अर्धा-अर्धा केला, आणि त्यानंतर प्रत्येक भाडेकरूला मी सांगते की पैसे कोणाचे ते नंतर बघू, पण पाणी कुठेही दिसलं की त्याच दिवशी फोटो पाठवायचा. काकांशी बोलताना हा किस्सा सांगितलात तरी चालेल.

भाडेकरू म्हणून माझा अनुभव उलट. कर्वेनगरला दोन वर्षं राहिलो, सोडताना ५० हजारांच्या डिपॉझिटमधून १६ हजार रंगासाठी कापले. भिंती आम्ही आलो तेव्हाच तशा होत्या, पण आमच्याकडे एक फोटो नव्हता. घर जसं मिळालं तसं ठेवायचं असं करारात लिहिलेलं, पण मिळालं कसं होतं हे दाखवायला काहीच नाही. ते १६ हजार गेले ते गेलेच. म्हणून तुम्ही आज, तीन महिने झाले असले तरी, सगळ्या घराचा एक व्हिडिओ काढा, कपाटं उघडून, नळ सोडून, खिडक्यांच्या काचा, टाइलच्या चिरा, आणि आजच काकांना पाठवा. उशीर झालाय पण न काढण्यापेक्षा बरा.

मेसेज कसा लिहायचा विचाराल म्हणून नमुना देते, तुमच्या भाषेत बदलून घ्या:

"काका नमस्कार. भाडं नेहमीप्रमाणे पूर्ण ट्रान्सफर केलंय. मेपासून घरात चार कामं करून घेतली, त्याची बिलं सोबत पाठवतेय, एकूण ४,१००. सिंक आमच्या वापराने तुंबलं, ते ६०० आमच्याकडे. नळाचं कार्ट्रिज निम्मं-निम्मं करू. गीझरची कॉइल आणि फ्लशचा सेट जुना होऊन गेलेला होता, आम्हाला येऊन महिना-दोन महिनेच झाले होते, ते आपल्याकडे यावं असं वाटतं. म्हणजे आपल्याकडून ३,०५०. आपली संमती असेल तर पुढच्या महिन्याच्या भाड्यात वळते करू, किंवा आपण वेगळे पाठवलेत तरी चालेल. बेडरूमच्या ओलीचे फोटो पाठवतेय. मुलगी लहान आहे म्हणून काळजी वाटते. या शनिवार-रविवारी आपण येऊन बघाल का? प्लंबरलाही तेव्हाच बोलावते."

बघा, यात कापणंही आहे, पण त्यांच्या होकारानंतर. त्यांनी नुसतं ओके लिहिलं तरी ते तुमच्याकडे लेखी राहतं. मिस्टरांना जे करायचंय तेच होतंय, फक्त एक महिना उशिरा आणि भांडण न होता.

समजा ते नाहीच म्हणाले तर. तीन हजारांसाठी मी घर सोडणार नाही आणि कोर्टातही जाणार नाही, तुम्हीही जाऊ नका, पण मेसेज आणि बिलं जपून ठेवा, डिपॉझिटच्या वेळी काका काही कापायला निघाले तर हेच समोर ठेवता येतं. भिंतीचं मात्र सोडू नका. पंधरा दिवसांत काही हालचाल झाली नाही तर ईमेल किंवा रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवा, ओल कधी कळवली, फोटो कधी पाठवले, किती दिवस झाले, एवढंच, कायद्याची कलमं न लिहिता. आणि तरीही नाहीच केलं तर मग त्या पत्रासकट एखाद्या वकिलाचा सल्ला घ्या, ते एक खोली कमी वापरून पूर्ण भाडं देत राहण्यापेक्षा स्वस्त पडेल.

घर खाली करा म्हणतील ही भीती. ॲग्रीमेंटमध्ये लॉक-इन (ज्या काळात करार मध्येच मोडता येत नाही तो) किती महिन्यांचा आहे आणि नोटीस किती दिवसांची आहे ते दोन आकडे बघा, आणि लॉक-इन दोघांनाही बांधतो की फक्त तुम्हाला, तेही बघा. साधारण महिन्याची नोटीस असते, उद्या सकाळी सामान बाहेर असं होत नाही. आणि वेळेवर भाडं देणारं, सिंकचे सहाशे स्वतःहून उचलणारं कुटुंब कोणी तीन हजारांसाठी घालवत नाही, नवीन भाडेकरू शोधायचा म्हणजे घर एखादा महिना रिकामं आणि एजंटची फी वेगळी, काकांनाही ते परवडणार नाही.

एप्रिलमध्ये करार नवा कराल तेव्हा मायनर हा शब्दच काढून टाका. त्या जागी लिहा की वापराने बिघडलेलं आणि एका वेळी हजार रुपयांपर्यंतचं काम लायसेन्सीकडे, जुनं होऊन बिघडलेलं आणि गीझर, पाइप, वायरिंग, ओल हे लायसेन्सरकडे, आणि पाणी किंवा विजेचं तातडीचं काम असेल, मालकाचा फोन लागला नाही तर भाडेकरूने करून घ्यायचं आणि फोटो-बिल पाठवायचं. हजारचा आकडा तुम्ही दोघं ठरवा, पण नुसता आकडा लिहू नका, का बिघडलं तर कोणाचं तेही लिहाच, नाहीतर नऊशे-नऊशेची पाच कामं तुमच्याच गळ्यात येतात. एजंट म्हणेल फॉरमॅट फिक्स आहे, बदलता येत नाही. येतं, जादा अटींसाठी जागा असते, त्याला टाइप करायचा कंटाळा असतो.

पेन्सिलीची रेघ आजच मारा, पाऊस आहे तोवरच नीट कळेल. आणि काका येऊन गेले की काय म्हणाले ते मला कळवा, मी वाट बघतेय.